एक तार, अनेक वाचक : राउटरमधील अग्रक्रम आणि वाटणी

साहित्याला वाहिलेल्या वार्षिकात राउटरवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे कारण आपल्या संस्थांच्या बदललेल्या कामात आहे. ग्रंथांची देवघेव, व्याख्याने, स्पर्धा ही कामे आजही चालू आहेत. पण त्यांच्या जोडीला ऑनलाइन वर्ग आले, जुन्या नियतकालिकांचे स्कॅनिंग आले, अभ्यासिकेत बसून परीक्षेचे अर्ज भरणारे विद्यार्थी आले. ही सगळी कामे बहुतेक ठिकाणी इंटरनेटच्या एकाच जोडणीवर चालतात. त्या जोडणीवर आधी कोणाचे काम जावे आणि कोणी थांबावे, हे कोणीतरी ठरवावेच लागते. आपण ठरवले नाही, तर यंत्र आपल्या पद्धतीने ठरवते.

मी व्यवसायाने मराठीचा शिक्षक आहे. गोव्यातील आमच्या गावच्या वाचनालयाचा संगणक कक्ष काही वर्षे मी सांभाळतो. तिथे तीन कामे एकमेकांना अडवत होती. परदेशात स्थायिक झालेल्या गोमंतकीयांच्या मुलांसाठी शनिवारी संध्याकाळी मराठीचा वर्ग चाले. त्याच वेळी आमच्या एक निवृत्त शिक्षिका जुन्या मासिकांची स्कॅन केलेली पाने दूरच्या संग्रहात चढवत असत. अभ्यासिकेत दहा-बारा मुले असत, त्यांतल्या काहींच्या घरी धड नेटवर्क नाही. वर्गातला आवाज तुटू लागला की सर्वांचे एकच म्हणणे असे : जास्त वेगाची जोडणी घ्या. हा उपाय खर्चिक आहे आणि पुष्कळदा निरुपयोगीही आहे. तारेचा वेग आणि रांगेची लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवाज बहुधा रांगेमुळे तुटतो. तो कसा, आणि त्यावर उपाय कोणता, हे या लेखात सांगायचे आहे.

फेरीबोट आणि पॅकेट

इंटरनेटवरून जाणारी प्रत्येक गोष्ट, मग ते पत्र असो, चित्र असो किंवा बोलणे असो, लहान लहान तुकड्यांत विभागून पाठवली जाते. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. मोठ्यात मोठे पॅकेट साधारणपणे १५०० बाइटचे असते. राउटर ही पॅकेटे एका बाजूने घेतो आणि दुसऱ्या बाजूने एकामागून एक सोडतो. येणारी पॅकेटे जाणाऱ्यांपेक्षा जास्त झाली की ती रांगेत उभी राहतात. ही रांग ज्या स्मृतीत साठते तिला बफर म्हणतात.

रायबंदरच्या धक्क्यावर चोडणच्या फेरीबोटीची वाट पाहिलेल्या माणसाला हे निराळे समजावून सांगायला नको. बोटीत ठराविकच वाहने मावतात. नदी ओलांडायला लागणारा वेळ रोज तेवढाच असतो. तरीही एखाद्या दिवशी पोहोचायला दुप्पट वेळ लागतो, कारण तो वेळ नदीत न जाता धक्क्यावर जातो. वाळूचे दहा ट्रक पुढे उभे असतील, तर मागच्या स्कूटरवाल्याला बोटीत वीतभर जागा पुरणार असूनही थांबावे लागते. रुग्णवाहिका आली तर लोक तिला वाट करून देतात. त्याने बोट मोठी होत नाही. फक्त कोण आधी जाईल ते बदलते.

आता हाच हिशेब आकड्यांत मांडू. समजा, आपल्या जोडणीचा अपलोडचा वेग सेकंदाला १० मेगाबिट आहे आणि मोडेममधील बफर १ मेगाबाइटचा, म्हणजे ८ मेगाबिटचा आहे. स्कॅन केलेल्या पानांनी तो बफर भरला, तर तो रिकामा व्हायला ०.८ सेकंद लागतो. म्हणजे त्यानंतर आलेल्या प्रत्येक पॅकेटला आठशे मिलिसेकंद थांबणे आले. दूरध्वनीच्या पारंपरिक पद्धतीने सांकेतिक केलेल्या बोलण्याची दर २० मिलिसेकंदांना एक, अशी सेकंदाला ५० छोटी पॅकेटे होतात. त्यांना एकूण लागतो सेकंदाला सुमारे ८० किलोबिट इतका वेग. १० मेगाबिटांच्या तारेचा हा एक टक्कासुद्धा नाही. पण संभाषण सहज वाटावे यासाठी एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे मार्गदर्शन आहे. इथे निव्वळ रांगेतच त्याच्या पाचपटीहून अधिक वेळ जातो. बोलण्याला जागा भरपूर होती. त्याची पाळी वेळेवर आली नाही.

रांग वाढते कशी

ही अडचण नवी नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यातील जोडणी कोलमडली. दोन्ही ठिकाणे एकमेकांपासून सुमारे चारशे यार्डांवर होती, पण सेकंदाला ३२ किलोबिटांचा वेग ४० बिटांवर आला. व्हॅन जेकबसन यांनी या घटनेचा अभ्यास करून १९८८ साली जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यातील विचारावर इंटरनेटची शिस्त पुढे उभी राहिली. ही शिस्त थोडक्यात अशी : पाठवणाऱ्या संगणकाने वेग हळूहळू वाढवत न्यावा, एखादे पॅकेट वाटेत गळाले, तर पुढे गर्दी आहे असे समजून वेग कमी करावा. पॅकेट गळणे ही या व्यवस्थेत सूचना आहे.

पुढे स्मृती स्वस्त झाली आणि यंत्रे बनवणाऱ्यांनी बफर मोठे केले. एकही पॅकेट गळू नये, हा हेतू चांगलाच होता. परिणाम मात्र उलटा झाला. बफर मोठा असला की गळती उशिरा होते, म्हणून पाठवणाऱ्याला गर्दीची सूचना उशिरा मिळते आणि तोवर तो रांग वाढवीतच राहतो. २०१० च्या सुमारास जिम गेटीस यांना स्वतःच्या घरी मोठ्या फायली चढवताना हा अनुभव आला आणि त्यांनी या दोषाकडे जगाचे लक्ष वेधले. त्याला ‘बफरब्लोट’ म्हणतात. मराठीत मी ‘बफरफुगी’ म्हणतो. याहून चांगला शब्द सुचल्यास जरूर कळवावा.

उपाय २०१२ साली पुढे आला. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी ‘कोडेल’ ही रीत मांडली. रांगेत किती पॅकेटे आहेत हे ती पाहत नाही. प्रत्येक पॅकेट रांगेत किती वेळ उभे होते, हे पाहते. तो वेळ शंभर मिलिसेकंदांपर्यंत सतत पाच मिलिसेकंदांच्या वर राहिला, तर ती एखादे पॅकेट मुद्दाम गाळते, म्हणजे पाठवणाऱ्याला वेळीच इशारा मिळतो.

वाटणी आणि अग्रक्रम

राउटरच्या मांडणीत दोन वेगवेगळ्या कल्पना असतात. त्यांची गल्लत झाली की सगळा घोटाळा होतो.

पहिली कल्पना वाटणीची. जॉन नेगल यांनी १९८५ साली आरएफसी ९७० या टिपणात ती मांडली. सर्वांची एकच रांग न करता प्रत्येक पाठवणाऱ्याची वेगळी रांग करायची आणि प्रत्येक रांगेतून पाळीपाळीने एकेक पॅकेट उचलायचे. मग ज्याने हजार पॅकेटे आणून टाकली, त्याची रांग लांबते. ज्याने दोनच आणली, त्याची दोन लगेच निघून जातात. ही पाळी आणि वर सांगितलेली कोडेलची रीत यांचा मेळ घालून ‘एफक्यू-कोडेल’ तयार झाली. २०१२ साली ती लिनक्समध्ये आली आणि २०१८ साली आरएफसी ८२९० म्हणून प्रसिद्ध झाली. हिच्यात थोडी आणि मधूनमधून येणारी पॅकेटे आपोआप लवकर सुटतात. बोलणे हे स्वभावतःच तसे असल्यामुळे ते ओळखावे लागत नाही आणि त्यावर शिक्काही मारावा लागत नाही.

दुसरी कल्पना अग्रक्रमाची. इथे पॅकेटवर खूण करायची आणि खुणेप्रमाणे त्याला पुढे घ्यायचे. १९८१ च्या इंटरनेट प्रोटोकॉलमध्येच या खुणेसाठी जागा राखली होती. १९९८ मध्ये तिची नवी मांडणी झाली. आता सहा बिटांची खूण असते, म्हणजे ६४ वेगवेगळ्या किमती शक्य होतात. बोलण्यासाठी सहसा ४६ ही किंमत वापरतात. मात्र आपण केलेली खूण आपल्या दारापर्यंतच खात्रीची; पुढे सेवा देणारे लोक ती पुसून टाकू शकतात.

आंधळ्या अग्रक्रमाचा धोका ओळखायला हवा. पहिला वर्ग रिकामा होईपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही, असा कडक नियम केला आणि पहिल्या वर्गात मोठा प्रवाह शिरला, तर बाकीचे उपाशी राहतात. धक्क्यावर प्रत्येक गाडीवाल्याने रुग्णवाहिकेचा भोंगा बसवला तर काय होईल? म्हणून चांगल्या रीती अग्रक्रमालाही मर्यादा घालतात. २०१८ पासून लिनक्समध्ये असलेल्या ‘केक’ या रीतीत आवाजाच्या कप्प्याला एकूण वेगाच्या पाव भागापर्यंतच पुढचा मान मिळतो. त्याहून जास्त मागणी झाली की तो मान जातो. सर्वांत मागच्या कप्प्यालाही सुमारे सोळावा हिस्सा राखलेला असतो आणि इतर कोणी वापरत नसेल तेव्हा त्याला पूर्ण तार मोकळी असते.

प्रत्यक्ष मांडणी

आता कृतीकडे वळू. प्रथम मोजमाप करावे. जोडणी रिकामी असताना एखाद्या ठिकाणाला पिंग करून उत्तराला लागणारा वेळ लिहून ठेवावा. मग मोठी फाइल चढवायला लावून तेच पुन्हा करावे. वीस मिलिसेकंदांचे पाचशे झाले, तर दोष रांगेत आहे. दोन्ही वेळा आकडा जवळजवळ सारखा आला आणि तरी आवाज तुटत असेल, तर कारण दुसरीकडे, बहुधा वायफायमध्ये, शोधावे.

दुसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच राहून जाते. रांग नेहमी सर्वांत अरुंद जागेच्या तोंडाशी लागते. ती जागा सहसा सेवा देणाऱ्याच्या मोडेममध्ये असते आणि तिथे आपला हुकूम चालत नाही. म्हणून आपल्या राउटरचा वेग प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडा कमी, साधारण नव्वद टक्के ठेवावा : मोजमापात १० मेगाबिट मिळाले, तर ९ लिहावेत. आता अरुंद जागा आपल्या राउटरमध्ये आली, म्हणून रांगही तिथेच लागेल आणि तिची व्यवस्था आपल्याला लावता येईल. एक मेगाबिट मुद्दाम सोडून द्यायचा, हे सुरुवातीला आमच्या कार्यकारिणीला पटेना. पण चाचणी समोर केली तेव्हा पटले. डाउनलोडलाही हेच करावे; मात्र तिथे पॅकेटे आधीच तारेवरून आलेली असतात, म्हणून नियंत्रण थोडे सैल राहते. मोबाइलच्या सिमवर चालणाऱ्या जोडणीचा वेग सतत बदलतो, तेव्हा तिथे एकच ठाम आकडा नीट बसत नाही.

तिसरी पायरी रांगेची रीत निवडण्याची. काही राउटरांत हे ‘क्यूओएस’ किंवा ‘एसक्यूएम’ या नावाखाली सापडते. ‘ओपनडब्ल्यूआरटी’ ही मुक्त प्रणाली चालणाऱ्या राउटरांत एफक्यू-कोडेल आणि केक दोन्ही मिळतात. सार्वजनिक जागेसाठी मी केक सुचवेन, कारण तिच्यात प्रवाहांप्रमाणेच माणसांमाणशी वाटणी करता येते. एखाद्या मुलाने एका वेळी वीस गोष्टी उतरवायला लावल्या, म्हणून त्याला वीस वाटे मिळत नाहीत. त्याच्या यंत्राला एकच वाटा मिळतो. यासाठी ‘नॅट’चा पर्याय चालू करावा लागतो, नाहीतर सगळी यंत्रे बाहेरून एकच दिसतात. राउटर फार स्वस्तातला असेल, तर मोठ्या वेगाला त्याच्या प्रोसेसरला हे काम झेपत नाही, हेही लक्षात ठेवावे.

चौथी पायरी खुणांची, आणि तिथे हात आखडता ठेवावा. आजची बहुतेक वाहतूक कूटबद्ध असते, म्हणून तिच्या आत काय आहे हे राउटरला दिसत नाही. त्यामुळे संकेतस्थळांच्या लांबलचक याद्या करण्यात अर्थ नाही. यंत्रावरून ओळखणे सोपे. आम्ही वर्गाचा संगणक तारेने जोडला आणि त्याच्या आवाजाला पुढची खूण दिली. स्कॅनिंगच्या संगणकाला सर्वांत मागच्या कप्प्याची खूण दिली. बाकी कोणालाही काही दिले नाही. मोबाइल अलीकडे आपला हार्डवेअर पत्ता बदलत राहतात, म्हणून त्यांच्यासाठी असा नियम टिकत नाही.

शेवटी पुन्हा मोजावे. फाइल चढत असतानाचा पिंगचा आकडा रिकाम्या तारेच्या आकड्याजवळ आला, तर काम झाले. अजून वाढत असेल, तर लिहिलेला वेग आणखी थोडा कमी करावा.

ठरवायचे कोणी

इथवरचे काम तासाभराचे. खरा वेळ गेला तो बैठकीत. स्कॅनिंग करणाऱ्या बाईंनी विचारले, “सर, वाळवी कोणासाठी थांबत नाही. मग शेवटची पाळी माझ्याच कामाला का?” हा प्रश्न बरोबर होता. आपल्या दमट हवेत जुन्या मासिकाचे पान एका पावसाळ्यात हातचे जाते. मी त्यांना सांगितले, की पान वाचते ते स्कॅन झाल्या क्षणी. त्याची प्रत संगणकात आणि बाहेरच्या डिस्कवर त्याच दिवशी उतरते. दूरच्या संग्रहात ते आज रात्री गेले काय आणि उद्या पहाटे गेले काय, पानाला फरक पडत नाही. वर्गातल्या मुलाचा ‘ळ’ मात्र अर्ध्या सेकंदाने उशिरा पोहोचला, तर बाईंना तो ऐकून दुरुस्त करता येत नाही. काम कमी महत्त्वाचे म्हणून ते मागे जात नाही; थांबल्याने त्याचे नुकसान होत नाही, म्हणून जाते. हा भेद त्यांना मान्य झाला. मोठे गठ्ठे रात्री चढवायचे, असे त्यांनीच सुचवले.

अभ्यासिकेतल्या एका विद्यार्थिनीने विचारले, “वर्ग चालू असताना आमचा अर्ज अडकणार का?” अर्जाची पॅकेटे थोडी असतात, त्यामुळे नव्या व्यवस्थेत ती पूर्वीपेक्षा लवकर सुटतात, असे सांगून मी तिला तिथल्या तिथे करून दाखवले. घरी नेटवर्क नाही म्हणून आलेल्या मुलाला इथेही मागे ढकलले, तर वाचनालय सार्वजनिक कसले, हा तिच्या प्रश्नामागचा अर्थ सर्वांनाच कळला.

हाच विचार देशाच्या पातळीवरही झाला आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकुरानुसार वेगवेगळे दर आकारण्यास बंदी केली आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने नेट न्यूट्रॅलिटीचे तत्त्व स्वीकारले. सेवा देणाऱ्याने ग्राहकाच्या मजकुरात डावे-उजवे करू नये, हे त्याचे सार. आपल्या घरात आपण क्रम लावणे हा वेगळा विषय आहे. वाचनालय मात्र या दोहोंच्या मध्ये येते. तार संस्थेची असली तरी वाचक तिचे मालक नसतात. म्हणून आम्ही नियम चार ओळींत मराठीत लिहून सूचनाफलकावर लावले : कोणाला पुढची पाळी, कोणत्या वेळेत, का, आणि तक्रार कोणाकडे करायची. राउटरच्या पडद्यावरचे नियम एकालाच दिसतात. फलकावरचे सर्वांना दिसतात.

या फलकाच्या निमित्ताने शब्दांचाही विचार झाला. ‘बँडविड्थ’ला ‘वहनक्षमता’ हा शब्द रूढ आहे, पण मुलांना ‘तारेची रुंदी’ लवकर कळले. ‘क्यू’साठी ‘रांग’, ‘लेटन्सी’साठी ‘विलंब’, ‘प्रायॉरिटी’साठी ‘अग्रक्रम’ हे शब्द तयारच होते. ‘शेड्युलर’साठी मात्र एका शेतकरी सभासदाने ‘पाळीदार’ हा शब्द दिला. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या लावणारा माणूस त्याच्या डोळ्यांसमोर होता. आम्ही तो शब्द ठेवला. बेळगाव, वडोदरा, इंदूर, हैदराबाद येथील आपल्या वाचनालयांनी आणि शाळांनीही आपापल्या तारेच्या वाटणीचे नियम मराठीत लिहून फलकावर लावले, तर वर्गांचा आवाज सुधारेलच आणि असे आणखी काही शब्दही हाती येतील.